पिसाचा कलता मनोरा का पडत नाही?

अकरावीच्या वर्गात गुरुत्वमध्य शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर एक तिरका आयत काढतो आणि विचारतो, "पिसाचा मनोरा इतका कललेला असूनही पडत का नाही?" वर्गातून ठरलेले उत्तर येते : "सर, त्याच्या गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा पायाच्या आतच पडते, म्हणून." मी "शाबास" म्हणतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. निदान काही वर्षांपूर्वीपर्यंत तरी वळत असे.

त्या वर्षी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने हात वर केला. "सर, रेषा जर पायाच्या आत पडते, तर मनोरा सुरक्षितच आहे. मग १९९० साली तो लोकांना बंद का केला होता?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. घरी जाऊन मी शोधाशोध केली. तेव्हा लक्षात आले की, आपण वर्षानुवर्षे जे उत्तर देतो ते चूक नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर मनोऱ्यात नसून मनोऱ्याखालच्या जमिनीत आहे. ते काय, हे आज आपण पाहू या.

थोडे गणित करू

इटलीमध्ये आर्नो नदीच्या काठी पिसा हे शहर वसले आहे. तेथील मोठ्या चर्चच्या आवारातील हा मनोरा म्हणजे खरे पाहता त्या चर्चची घंटाघराची इमारत. पांढऱ्या संगमरवरी खांबांच्या रांगांनी वेढलेले आठ मजले, आतून पोकळ नळकांडे, आणि नळकांड्याच्या भिंतीतूनच वर चढत जाणारा गोल जिना, अशी त्याची रचना आहे. पायापासून शेंड्यापर्यंत उंची सुमारे ५८ मीटर, वजन सुमारे १४,५०० टन आणि गोल पायाचा व्यास १९.६ मीटर.

मनोऱ्याचा गुरुत्वमध्य पायाच्या तळापासून सुमारे साडेबावीस मीटर उंचीवर आहे. १९९० साली पायाचा कल साडेपाच अंश होता. त्रिकोणमिती शिकलेल्या विद्यार्थ्यांनी साडेपाच अंशांचा टॅन्जंट काढून त्याला २२.५ ने गुणावे. उत्तर येते सुमारे सव्वादोन मीटर. म्हणजे गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायाच्या मध्यबिंदूपासून सव्वादोन मीटर दक्षिणेला पडत होता. पायाची त्रिज्या मात्र ९.८ मीटर. तेव्हा कडेपर्यंत अजून साडेसात मीटर शिल्लक होतेच.

ओळंबा पायाच्या कडेवर येण्यासाठी मनोरा किती कलायला हवा, हेही काढता येईल. ते उत्तर सुमारे २३ अंश येते. पाठ्यपुस्तकातील नियमाप्रमाणे पाहिले तर साडेपाच अंशांवर चिंतेचे काहीच कारण नव्हते. तरीही या विषयातले जगातील जाणकार तेव्हा अस्वस्थ होते. पुढे संगणकावर मनोऱ्याची आणि जमिनीची गणिती प्रतिकृती तयार करून तिचा कल हळूहळू वाढवला, तेव्हा साडेपाच अंशांच्या किंचित अलीकडेच ती प्रतिकृती कोसळू लागली! प्रत्यक्ष मनोरा जणू श्वास रोखून उभा होता.

२३ अंश कोठे आणि साडेपाच अंश कोठे! एवढा फरक कशामुळे पडला?

फरशी आणि गादी

याचे उत्तर मिळवण्यासाठी घरी एक सोपा प्रयोग करा. दहा-बारा जाडजूड पुस्तके घ्या आणि फरशीवर एकावर एक अशी रचा. चळत व्यवस्थित उभी राहील. आता तीच पुस्तके कापसाच्या मऊ गादीवर रचा. पाच-सहा पुस्तकांपर्यंत काही अडचण येणार नाही. मग चळत डळमळू लागेल. एका बाजूला किंचित कलेल, तुम्ही सरळ कराल, ती पुन्हा कलेल. आणखी एक-दोन पुस्तके ठेवलीत की हात काढताच ती आडवी होईल. या वेळी ओळंबा तळच्या पुस्तकाच्या बाहेर गेलेला नसतो. मग ती पडली का?

कारण असे की, पाठ्यपुस्तकातील नियम फरशीसाठी आहे, गादीसाठी नाही. त्यात आपण असे गृहीत धरलेले असते की, खालचा पृष्ठभाग कितीही भार आला तरी दबत नाही. मऊ पृष्ठभागावर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. चळत जराशी कलली की तिचा गुरुत्वमध्य एका बाजूला सरकतो आणि तिचे वजन तिला आणखी उलटवू पाहते. वजन गुणिले गुरुत्वमध्याचे आडवे सरकणे, या गुणाकाराला आपण उलटवणारे परिबल म्हणू. त्याच वेळी कललेल्या बाजूची गादी अधिक दबते आणि अधिक जोराने वर ढकलते. हे झाले सावरणारे परिबल.

कल वाढला की दोन्ही परिबले वाढतात. प्रश्न एवढाच की, अधिक वेगाने कोणते वाढते? सावरणारे परिबल अधिक वेगाने वाढत असेल तर चळत उभी राहते. उलटवणारे अधिक वेगाने वाढत असेल, तर कितीही काळजीपूर्वक सरळ ठेवली तरी एखाद्या फुंकरीचे निमित्त होऊन ती पडते. चळत जितकी उंच आणि जड, तितके उलटवणारे परिबल मोठे. म्हणून प्रत्येक मऊ जमिनीसाठी एक मर्यादा असते. तिच्यापलीकडे उंच व जड बांधकाम तेथे उभेच राहू शकत नाही, मग दगड कितीही भक्कम असो आणि गवंडी कितीही कुशल असो.

पिसाचा मनोरा या मर्यादेच्या अगदी काठावर उभा आहे.

मनोऱ्याखालची गादी

पिसाची जमीन नदीने आणि समुद्राने आणून टाकलेल्या गाळाची आहे. मनोऱ्याखाली वरचे सुमारे १० मीटर वाळूमिश्रित गाळाचे आहेत. त्याच्या खाली जवळजवळ ४० मीटर खोलीपर्यंत मुख्यतः मऊ चिकणमाती, आणि त्यानंतर घट्ट वाळू. वरचा गाळाचा थर सगळीकडे सारखाही नाही. दक्षिणेच्या बाजूला तो थोडा अधिक मऊ आहे.

या जमिनीवर पाया आहे जेमतेम तीन मीटर खोल. पायाचे क्षेत्रफळ लक्षात घेतले तर दर चौरस मीटरवर सुमारे ५० टन भार येतो. म्हणजे मीटरभर लांब व मीटरभर रुंद अशा जागेवर ५० किलोच्या सिमेंटच्या एक हजार गोण्या! त्यातही कल असल्यामुळे हा भार सारखा वाटला जात नाही. हिशेब केला तर १९९० साली दक्षिण कडेखाली दाब सरासरीच्या दुपटीजवळ गेलेला होता आणि उत्तर कडेखाली तो जवळजवळ शून्यावर आलेला होता. मनोरा जमिनीत सरासरी तीन मीटर खचलेला आहे, तो यामुळेच.

युद्धांनी वाचवलेली इमारत

मग असा मनोरा बांधून पुरा तरी कसा झाला? याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

बांधकामाला आरंभ झाला तो ११७३ साली. चौथ्या मजल्याचे काम सुरू असताना, ११७८ च्या सुमारास, ते थांबले. पिसाचे राज्य शेजाऱ्यांशी लढण्यात गुंतले होते. काम पुन्हा सुरू झाले ते तब्बल ९४ वर्षांनी, १२७२ मध्ये. सहा वर्षांत सातव्या मजल्यापर्यंत मजल गेली आणि पुन्हा खंड पडला. शेवटी १३६० च्या सुमारास घंटांचा मजला चढवायला घेतला आणि १३७० च्या सुमारास मनोरा पुरा झाला. म्हणजे जवळजवळ २०० वर्षे!

हे खंड पडले नसते तर आज पिसाला कलता मनोरा नसता, दगडांचा ढीग असता. कारण ओली चिकणमाती म्हणजे पाण्याने भरलेला स्पंज समजा. तिच्यावर भार टाकला की आतील पाणी बाहेर पडू पाहते, पण चिकणमातीची छिद्रे अतिसूक्ष्म असल्याने त्याला वर्षानुवर्षे लागतात. पाणी निघून गेले की माती दाबली जाते आणि पहिल्यापेक्षा घट्ट होते. चार मजल्यांच्या भाराखाली शंभर वर्षे दाबली गेलेली माती पुढचे तीन मजले पेलू शकली. घाई केली असती तर जमीन तेव्हाच ढासळली असती, असे आजच्या अभियंत्यांचे गणित सांगते. लढायांनी इमारती पडतात हे आपण इतिहासात वाचतो. येथे लढायांनी इमारत उभी राहिली.

मनोरा कलतो आहे हे त्या काळच्या गवंड्यांना ठाऊक होते. वर चढताना प्रत्येक मजला ते थोडा सरळ करण्याचा प्रयत्न करीत गेले. त्यामुळे मनोरा नुसता तिरका नाही, तर केळ्यासारखा किंचित वाकलेलाही आहे. याची खूण आजही पाहता येते. सातव्या मजल्यावरून घंटांच्या मजल्यावर जाण्यास उत्तरेकडून चार पायऱ्या आहेत आणि दक्षिणेकडून सहा! तेथे पोचलेल्या गवंड्यांनी दोन पायऱ्यांइतकी पाणसळ साधून घेतली होती.

मदत करणाऱ्यांनी केलेले नुकसान

पुढच्या काळात मनोरा हळूहळू अधिकच कलत गेला. १८१७ साली मोजला तेव्हा कल सुमारे ५ अंश भरला. १८३८ साली एका वास्तुतज्ज्ञाने, खचलेल्या खांबांचे तळ लोकांना दिसावेत म्हणून, पायाभोवती खोल वाट खणली. जमिनीतील पाण्याची पातळी तेथे वरच असल्याने खड्ड्यात पाणी भरू लागले आणि मनोरा एकाएकी आणखी कलला. १९३४ साली पाया भक्कम करण्यासाठी त्यात साडेतीनशेहून अधिक छिद्रे पाडून सिमेंट भरण्यात आले. मनोऱ्याने पुन्हा दक्षिणेकडे झोक घेतला. १९७० च्या सुमारास परिसरातील विहिरींतून खोलवरचे पाणी उपसले जाऊ लागले, तेव्हाही कल वाढण्याचा वेग वाढला. उपसा आटोक्यात आणल्यावर तो कमी झाला.

१९९० साली मनोरा दरवर्षी सुमारे ६ विकला कलत होता. एका अंशात ६० कला आणि एका कलेत ६० विकला असतात, तेव्हा एक अंश कलण्यास ६०० वर्षे लागतील असे कोणी म्हणेल. शेंड्याशी हे सरकणे वर्षाला दीड मिलिमीटरच्या आसपास होते. परंतु हा वेग १९३० नंतरच्या काळातील वेगाच्या दुप्पट होता. शिवाय काठावर उभ्या असलेल्याला ढकलायला जोर लागत नाही.

अशातच १७ मार्च १९८९ रोजी इटलीतीलच पाविया या शहरातील जुना मनोरा काही क्षणांत कोसळला आणि चार माणसे ठार झाली. तो मनोरा कलल्यामुळे पडला नव्हता. त्याच्या भिंतीच फुटल्या होत्या. पण पिसाच्या मनोऱ्याच्या भिंतींची घडण काहीशी तशीच आहे : आतून-बाहेरून घडीव दगड आणि मध्ये चुना व दगडांचा भराव. कलल्यामुळे दक्षिणेकडील भिंतीच्या खालच्या भागावर भार एकवटलेला, आणि तेथेच जिन्याची पोकळी. तेव्हा जमीन टिकली तरी भिंत टिकेल का, ही दुसरी काळजी होतीच. ७ जानेवारी १९९० रोजी मनोरा लोकांना बंद करण्यात आला. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

उत्तरेची माती

मनोरा वाचवण्यासाठी इटलीच्या सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. मिकेले यामिओल्कोव्स्की हे तिचे अध्यक्ष होते आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील प्राध्यापक जॉन बरलंड हे एक सदस्य. प्रथम १९९२ साली भिंतीच्या कमकुवत भागाभोवती पोलादी दोर आवळण्यात आले, बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवतात तसे.

मग जुनी मोजमापे तपासताना एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आली. मनोऱ्याची दक्षिण बाजू खचत असल्यामुळे तो कलतो, असे सर्वांना वाटे. प्रत्यक्षात त्या काळात पायाची उत्तर कड वर उचलली जात होती! म्हणजे रोगाचे मूळ खोल चिकणमातीत नसून वरच्या गाळाच्या थरात होते. मग उत्तर कडेवर वजन ठेवले तर ती दाबून धरता येईल. १९९३ मध्ये पायाच्या उत्तर बाजूवर काँक्रीटचे कडे बसवून त्यावर हळूहळू ६०० टन शिसे रचण्यात आले. शेकडो वर्षे दक्षिणेकडेच जाणारा मनोरा प्रथमच उत्तरेकडे परतू लागला. सरकला तो जेमतेम एक कला, पण सरकला हे महत्त्वाचे.

शिशाचे ढीग कायमचे ठेवणे शक्य नव्हते. ते दिसायलाही वाईट दिसत. त्यांच्याऐवजी जमिनीत खोलवर नांगर रोवून मनोरा ओढून धरावा, असे ठरले. त्यासाठी १९९५ साली पायाजवळ खणताना पाणी आत येऊ नये म्हणून द्रवरूप नायट्रोजनने जमीन गोठवण्यात आली. पाणी गोठताना प्रसरण पावते हे आपण सातवी-आठवीत शिकतो. सप्टेंबरमधील एका रात्री मनोरा पुन्हा दक्षिणेकडे सरकू लागला. काम तत्काळ थांबवून आणखी शिसे चढवावे लागले. शेवटी ते ९०० टनांवर गेले. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजमापे चालू असताना असे घडले, यावरून मनोऱ्याची अवस्था किती नाजूक होती हे ध्यानात येईल.

अखेरीस जो उपाय लागू पडला तो अगदी साधा होता. फेरनांदो तेर्राचिना या इटालियन अभियंत्याने तो १९६२ सालीच सुचवला होता. दक्षिणेला आधार देण्याऐवजी उत्तरेच्या बाजूची थोडी माती काढून घ्यायची! टेबल डुगडुगत असेल तर आपण आखूड पायाखाली कागदाची घडी सारतो. येथे आखूड बाजूला हात लावणे धोक्याचे होते, म्हणून लांब बाजूच थोडी खाली उतरवायची.

फेब्रुवारी १९९९ मध्ये प्रयोगादाखल काम सुरू झाले. उत्तरेकडून तिरप्या नळ्या जमिनीत घालून त्यांतून गिरमिटाने थोडी थोडी माती बाहेर काढीत. मागे राहिलेली पोकळी वरच्या भाराने आपोआप मिटे आणि पायाची उत्तर कड केसाएवढी खाली बसे. दिवसातून दोनदा मोजमाप घ्यायचे आणि त्यावरून पुढची माती कोठून व किती काढायची ते ठरवायचे. काही विपरीत घडलेच तर हाताशी असावेत म्हणून मनोऱ्याला पोलादी दोर बांधून ठेवलेले होते. ते ओढण्याची वेळ आली नाही. फेब्रुवारी २००० पासून ४१ नळ्यांनी मुख्य काम चालले आणि २००१ च्या जूनमध्ये पुरे झाले. एकूण माती निघाली सुमारे ३८ घनमीटर, घरातील एका बेताच्या खोलीत मावेल एवढी. शिसेही उतरवण्यात आले.

या सगळ्याने मनोरा किती सरळ झाला? फक्त अर्धा अंश. शेंडा सुमारे ४५ सेंटिमीटर मागे आला. पाहणाऱ्याला फरक जाणवणारही नाही. पण मघाचेच गणित पुन्हा करून पाहा. गुरुत्वमध्य सुमारे २० सेंटिमीटर मागे आला, म्हणजे उलटवणारे परिबल सुमारे एक-दशांशाने घटले. काठावरच्या माणसाला एक पाऊल मागे घेतले की पुरते. मनोरा १८३८ च्या खोदकामाआधी होता साधारण तेथे परत आला. १५ डिसेंबर २००१ रोजी तो पुन्हा लोकांसाठी उघडला. पुढे उत्तरेच्या बाजूला जमिनीतील पाण्याचा निचरा करण्याची सोय झाली आणि २००८ साली, कलणे थांबले आहे, असे तज्ज्ञांनी जाहीर केले. मनोरा पूर्ण सरळ करावा असे कोणाच्याही मनात नव्हते. कलता नसलेला पिसाचा मनोरा पाहायला कोण जाणार?

वैरीण आणि सखी

या मातीची आणखी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. पिसाच्या परिसरात गेल्या सात-आठ शतकांत मोठे भूकंपही झाले आहेत, पण मनोऱ्याला त्यांनी फारसा धक्का लावला नाही. २०१८ साली अभियंत्यांनी याचा उलगडा केला. उंच व ताठ मनोरा आणि मऊ जमीन यांच्या जोडीमुळे मनोऱ्याची कंपने इतकी संथ होतात की, भूकंपाच्या जलद कंपनांशी त्यांचे अनुस्पंदन जुळत नाही. जिने मनोऱ्याला कलवले, तिनेच त्याला भूकंपातून तारले.

हल्ली वर्गात मी तोच तिरका आयत काढतो, पण त्याच्याखाली जमिनीची रेघ ओढण्याआधी खडू थांबवतो आणि विचारतो, "हा कशावर उभा आहे?" परीक्षेत गुण मिळवायला जुने उत्तर पुरेसे आहे. ते अवश्य लिहा. मात्र लिहिताना एवढे ध्यानात असू द्या की, प्रत्येक नियमाखाली गृहीत धरलेली एक जमीन असते, आणि ती फरशीसारखी आहे की गादीसारखी, हे पाहिल्याशिवाय इमारत बांधू नये.